शहराला शेती कोण शिकवील?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून खेड्यातल्या मंडळींना थोडे हसू येईल. शहरात राहणाऱ्या माणसाला भाजीपाला पिकवायला शिकवणे, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, आमच्या मेथीला भाव मिळेना, टोमॅटो बांधावर फेकायची पाळी येते, आणि हे प्राध्यापक पुणेकरांना गच्चीवर वांगी लावायला सांगताहेत! आमचे गिऱ्हाईक तोडायचा विचार आहे की काय? तुमची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी शेवटी देईन. पण मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे आधी थोडे मागे जाणार आहे.

पुणे शहराची जन्मकथाच मुळी नांगराची आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले, गाढवांचा नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. पुढे काही वर्षांनी जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हस्ते त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवले, अशी परंपरागत कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेचा तपशील कसाही असो, तिचा अर्थ स्पष्ट आहे. गाव वसले याची खूण म्हणजे जमीन पिकती झाली, ही त्या काळची समजूत होती.

पेशवाईत पुणे मोठे शहर झाले, तरी मातीशी असलेले त्याचे नाते तुटले नाही. आजही नावे पाहा. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग. आज जिथे भांडी आणि बांगड्या मिळतात, ती तुळशीबाग एके काळी खाजगीवाल्यांची खरीखुरी बाग होती. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून शहरात हौद भरले. वाड्यावाड्यांतून आड होते. आणि वाड्याच्या मागे परसू असायचे.

हे परसू जुन्या पुणेकरांना चांगले आठवत असेल. मोरीचे पाणी गटारात न जाता अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जायचे. एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्या कोपऱ्यात कढीलिंब, कुंपणावर घोसाळ्याचा वेल. स्वयंपाकघरातली साले आणि देटे गोठ्यातल्या गाईला, नाहीतर खड्ड्यात. कोणाकडे लग्नकार्य निघाले की अळूच्या फदफद्यासाठी पाने शेजारच्या परसातून यायची. या बायकांना शेती शिकवायला कोणी वर्ग भरवला नव्हता. सासूने सुनेला दाखवले, सुनेने लेकीला दाखवले. सांडपाण्याचा निचरा, ओल्या कचऱ्याचे खत आणि घरची भाजी ही तीन कामे एका परसात उरकत होती, आणि त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे कोणाला वाटतही नव्हते.

शहराच्या कडेला माळी समाजाचे मळे होते. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे अशाच मळ्यातले. फुलांच्या व्यवसायावरूनच या घराण्याला 'फुले' हे आडनाव मिळाले. जोतीराव लहानपणी वडिलांबरोबर मळ्यात राबले, पुढे शाळा काढल्या, सत्यशोधक समाज स्थापला, कंत्राटदारी केली, आणि पुणे नगरपालिकेचे सभासदही झाले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. एका माणसात शहराचा कारभारी आणि शेताचा धनी असे दोघे होते, ही गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

त्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान घातले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांना प्रत्यक्ष काम शिकता येईल अशी छोटी नमुन्याची शेते असावीत, असेही त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात डोंगरउतारावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडेमकोडे हे सारे पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमीन कशी सुपीक करते, याचे वर्णन आहे. जमिनीचा कस टिकवायचा तर हे सत्त्व वाहून जाऊ देता कामा नये, बांध-ताली घालून ते अडवले पाहिजे, असे ते सांगतात. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे शंभरएक वर्षांनी तोच मुद्दा शहरातल्या गच्चीवर पोचणार आहे.

जोतीरावांचे हे म्हणणे शाळांनी फारसे मनावर घेतले नाही. पुण्यात शेतीचे शिक्षण आले ते वरच्या टोकाला आले. १८७९ साली इथल्या सायन्स कॉलेजात शेतीचा वर्ग सुरू झाला होता, त्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. त्याचे पहिले प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय खेड्याच्या शास्त्रीय अभ्यासात त्याचे नाव अजून घेतले जाते. तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात उंच इमारतींनी भरून गेले आहे. शेतीचे ज्ञान वाढले यात संशय नाही. पण ते पदवीधरांचे झाले, आणि घराच्या परसातले ज्ञान मात्र अडाण्यांचे समजले जाऊ लागले. शिकलेल्या मुलाने हाताला माती लावू नये, ही समजूत याच काळात पक्की झाली.

मग आले दुसरे महायुद्ध. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४२ साली सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू केली. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली, आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग लागू झाले. मोकळी जागा दिसेल तिथे काहीतरी पेरा, असा उपदेश शहरातल्या लोकांनाही होऊ लागला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तिथे 'विजयासाठी खणा' अशी घोषणा होती. नगरपालिका लोकांना भाड्याने जमिनीचे लहान तुकडे देत. युद्धाच्या सुरुवातीला असे सुमारे ८ लाख तुकडे होते, ते १९४३ पर्यंत १४ लाखांवर गेले. बागांतली हिरवळ उखडून बटाटे लावले गेले. लोकांना शिकवण्यासाठी पत्रके निघाली, उद्यानांतून नमुन्याचे वाफे केले गेले. आणि दर रविवारी दुपारी मिडल्टन नावाचे गृहस्थ रेडिओवरून बागकामाचे धडे देत. ते पांडित्य न करता शेजारी कुंपणापलीकडून बोलावा तसे बोलत. म्हणून लाखो लोक त्यांचे ऐकत. परंतु युद्ध संपले, काही वर्षांनी रेशनिंगही उठले, आणि जमिनीचे हे तुकडे हळूहळू ओस पडू लागले. टंचाईने शिकवलेली विद्या बहुतेकांच्या बाबतीत टंचाईबरोबरच गेली.

आपल्याकडची मोहीम स्वातंत्र्यानंतरही चालू होती. तिची चौकशी करणाऱ्या समितीने १९५२ साली आपला अहवाल दिला. ग्रामजीवनाची सगळी अंगे एकमेकांत गुंतलेली आहेत, एकेक अंग सुटे घेऊन केलेले काम टिकत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातूनच राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली आणि खेडोपाडी ग्रामसेवक आला. ही सेवा २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली. योगायोग असा, की आकाशवाणीचे पुणे केंद्रही त्याच दिवशी सुरू झाले.

आणि या पुणे केंद्राने तीन वर्षांच्या आत एक प्रयोग केला, त्याची हकीगत आज फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या मदतीने, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेती मंडळे स्थापन झाली. गावातली वीसेक माणसे संध्याकाळी रेडिओभोवती जमायची, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची. असे वीस कार्यक्रम झाले. पण खरी गंमत पुढेच होती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. आपल्या गावात हे जमेल का, कोण करील, केव्हा करील, असे ठरवायचे, आणि शंका केंद्राला कळवायच्या.

पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नव्हता. श्रोतेहो, रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा निष्कर्ष थोडा लागणारा आहे! पण तो खरा आहे. नुसते ऐकून माणूस शिकत नाही. ऐकलेले शेजाऱ्याबरोबर बोलून, करून पाहिले म्हणजे शिकतो.

१९६५ साली पुन्हा तंगी आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. दिल्लीत आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरून त्यांनी गहू पेरला. त्या साध्या माणसाविषयी लोकांना प्रेम होते, म्हणून पुष्कळांनी त्यांचे ऐकले. पण पुढच्या वर्षी जानेवारीत शास्त्रीजी गेले, पुढे हरितक्रांतीचा गहू आला, आणि शहरांतल्या हिरवळी पुन्हा हिरवळी झाल्या.

तेव्हा १९४२ पासूनच्या या सगळ्या हकीगतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वरून हुकूम किंवा आवाहन येते, लोक काही दिवस करतात, गरज सरली की सोडून देतात. कारण त्यांना बी दिलेले असते, पत्रक दिलेले असते, पण माती कशी तयार होते हे कोणी हाताला धरून दाखवलेले नसते. ते दाखवणारा माणूस पुढे कोल्हापूरकडून आला.

श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले. शेतीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पण शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी, आणि दुसऱ्या शेतकऱ्याला कळवावे, हा त्यांचा आग्रह होता. यातून 'प्रयोग परिवार' उभा राहिला. द्राक्ष बागायतदार एकमेकांना पत्रे लिहून आपले अनुभव सांगू लागले. कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. ज्याने करून पाहिले तो त्या दिवसापुरता शिक्षक. १९५६ च्या रेडिओ मंडळांत जे दिसले होते, तेच इथे वेगळ्या वाटेने पुढे आले, असे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाटते.

पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, जमीन पुरावी, असा दाभोळकरांचा हिशेब होता. सूर्याचा प्रकाश हे शेतकऱ्याचे खरे भांडवल, आणि पान हे ते भांडवल साठवणारे यंत्र, असे ते समजावून सांगत. माती तयार करण्याची त्यांच्या परिवारातली रीत साधी आहे. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ हे दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवायचे, मधूनमधून ढवळायचे. मग त्यात दहापट पाणी घालायचे. या पाण्यात सुका पालापाचोळा भिजवून त्याचे थर रचायचे, मध्ये थोडी थोडी माती पेरायची. त्यावर निरनिराळे बी पेरून, उगवलेली रोपे कापून पुन्हा त्यातच मिसळायची. काही महिन्यांत काळीभोर, हलकी, हाताला लुसलुशीत लागणारी माती तयार होते. तिला ते अमृतमाती म्हणत. जोतीरावांनी डोंगरउतारावर जे पाहिले होते, तेच इथे घराच्या अंगणात घडवून आणलेले आहे.

ही रीत शहरात प्रथम नीट रुजली ती मुंबईत. तिथे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या घराच्या गच्चीवर पिंपांत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भाजीपाला व फळे घेऊन दाखवली. ऊस पिळून उरलेली चिपाडे आणि ओला कचरा हे त्यांचे मुख्य भांडवल, माती अगदी थोडी. माती थोडी असली म्हणजे गच्चीवर भार येत नाही. २००२ साली तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या गच्चीवर हेच काम हाती घेतले. रोजच्या स्वयंपाकातली साले, देटे, खरकटे यांचे तिथेच खत झाले आणि त्यावर भाजी आणि फळझाडे उभी राहिली. तिथली माणसे आचारी आणि कामगार होती, शेतकी पदवीधर नव्हती. पुढे पुष्कळ मुंबईकर त्यांच्याकडे जाऊन शिकले.

आता आपण पुन्हा पुण्यात येऊ. २००८ साली पुण्याच्या नागरी प्रशासनाने शहरशेतीचा एक प्रकल्प हाती घेतला. ठरवून दिलेल्या जागेवर शहरातल्या नागरिकांना शेतीचे शिक्षण द्यावे, त्यांना प्रोत्साहन द्यावे, आणि हे काम दाभोळकरांच्या विचारानुसार व्हावे, अशी त्यामागची कल्पना होती. नगरपालिकेत बसलेल्या एका शेतकऱ्याने १८८२ साली मुलांसाठी नमुन्याची शेते मागितली होती. १२६ वर्षांनी त्याच शहराने प्रौढ नागरिकांसाठी तो विचार केला. जोतीरावांचे नाव ज्या मंडईला दिले आहे, ती भाजीचीच मंडई आहे, हेही इथे आठवते.

पण या वेळी शहराला शेती का आठवली? अन्नाची टंचाई नव्हती. अडचण कचऱ्याची होती. वाडे पडले, सदनिका आल्या, परसू गेले. मोरीचे पाणी गटारात आणि भाजीची देटे कचऱ्याच्या पेटीत जाऊ लागली. हा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात नेऊन टाकला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधी आणि विहिरींच्या खराब झालेल्या पाण्याबद्दल तक्रारी केल्या, आंदोलने केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ज्या शिवाराने शहराला भाजी पुरवली, त्याच शिवारात शहराने भाजीची साले प्लॅस्टिकमध्ये कोंबून परत पाठवली. याला व्यवहार म्हणायचे की अन्याय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

कचरा वेगळा करण्याचे नियम २००० साली आले, ते २०१६ साली अधिक कडक झाले. घरोघर जाऊन ओला-सुका कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचक भगिनींच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ सालीच करार केला. गांडूळखत करणाऱ्यांना घरपट्टीत सवलत मिळू लागली. हे सगळे योग्यच आहे. पण सवलतीपुरता खड्डा खणणारा माणूस आणि खताची वाट पाहणारा माणूस यांत फरक असतो. ज्याच्या गच्चीवर दोडक्याचा वेल आहे त्याला साले टाकून देववत नाहीत. कचरा वेगळा करा, असे त्याला सांगावे लागत नाही.

इथे माझीच एक फजिती सांगतो. माझे गाव पुरंदर तालुक्यातले. नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालो. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मला अभिमान होता, की गच्चीवर भाजी लावणे हा माझ्या हातचा मळ. गावाहून दोन पोती काळी माती आणली, कुंड्या भरल्या, टोमॅटो लावले, सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घातले. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली. महिन्याने कुंडी ठोकली तर आतली माती दगडासारखी. त्या हिवाळ्यात वडील आमच्याकडे राहायला आले. कुंड्या पाहून म्हणाले, "अरे, विटा पाडायला घेतल्यास का? ही माती रानातली. रानात तिच्याखाली जागा असते, गांडूळ असतो, वाफसा येतो. डब्यात कोंबल्यावर ती श्वास कुठून घेईल?"

मग त्यांनी मला रसवंतीवरून उसाची चिपाडे आणायला पाठवले. मी, महाविद्यालयातला प्राध्यापक, डोक्यावर पोते घेऊन आलो. जुन्या क्रेटमध्ये तळाला नारळाच्या शेंड्या, वर चिपाडे, वाळलेला पाला, घरातली साले, मूठ मूठ शेणखत, आणि सगळ्यात वर बोटभर माती. पाणी किती घालायचे याचे माप त्यांनी एकच सांगितले. बोट दोन पेरे आत घालायचे, ओल लागली तर घालायचे नाही. पहिल्यांदा मेथी लावली, ती महिन्याभरात ताटात आली.

गोष्ट इथे संपली नाही. इमारतीतल्या बायका-माणसे गच्चीवर येऊ लागली. "काका, पालकाची पाने अशी का वळली?" "आबा, मिरचीला फूल येतं आणि गळतं, काय करू?" वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. माझी एम. ए. ची पदवी भिंतीवर लटकत होती आणि गच्चीवर माझे वडील वर्ग घेत होते. त्या हिवाळ्यात सात घरांनी क्रेट लावले. वडील गावी परत गेले तेव्हा त्यांतल्या चार घरांचे क्रेट हिरवे होते, आणि पाचव्या घराने शेजारणीकडून शिकून पुन्हा सुरुवात केली होती. माझ्या मते त्या पाचव्या घराचे शिक्षण खरे झाले.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. शहर असे पिकवू लागले तर शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल काय? थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. माणशी महिन्याला १० किलो धान्य धरले, तर वर्षाला सुमारे ३७ लाख क्विंटल धान्य लागते. जिरायती ज्वारी एकरी ४ क्विंटल धरली तर त्यासाठी ९ लाखांहून अधिक एकर जमीन हवी. त्या वेळचे सगळे शहर, रस्ते आणि इमारती धरून, साठ-एक हजार एकरांचे. म्हणजे सबंध शहर पाडून नांगरले तरी ते स्वतःची भाकरी पिकवू शकणार नाही. भाजीचे म्हणाल, तर चार माणसांच्या घराला दिवसाला सव्वा किलो, म्हणजे महिन्याला साडेसदतीस किलोंच्या आसपास भाजी लागते. माझ्या दहा क्रेटमधून आठवड्याला पालेभाजीची एखाददुसरी जुडी, थोड्या मिरच्या आणि कढीलिंब निघतो. बाकी सगळे मंडईतूनच येते. तेव्हा शेतकरी बंधूंनी निश्चिंत असावे.

उलट मला यात शेतकऱ्याचा फायदा दिसतो. शहरातल्या माणसाला भाजीचा भाव ठाऊक असतो, भाजीचे दिवस ठाऊक नसतात. एका टोमॅटोच्या रोपाला बी टाकल्यापासून फळ पिकेपर्यंत तीन महिने लागतात, त्यात मावा येतो, अवेळी पाऊस येतो, एका रात्रीत सगळे झोपते, हे ज्याने आपल्या क्रेटमध्ये एकदा सोसले, तो मंडईत वेगळ्या नजरेने उभा राहतो. आमच्या इमारतीतल्या एका बाईंची सगळी मेथी वळवाच्या पावसात आडवी झाली. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, माझं दोन क्रेटचं नुकसान झालं तर रात्री झोप लागली नाही. ज्यांचं रानच गेलं ते काय करत असतील?" हा प्रश्न पुण्यातल्या गच्चीवर विचारला गेला, हे मला मोठे वाटते.

खेड्यातल्या मंडळींना म्हणून माझी विनंती आहे. तुमचा भाऊ, भाचा, मुलगा शहरात असेल. त्याच्याकडे जाल तेव्हा पिशवीत बाजरीच्या पिठाबरोबर थोडे घरचे बी न्या. दोन तास त्याच्या गच्चीवर घालवा. त्याची चूक झाली तर हसा, पण दाखवल्याशिवाय परत येऊ नका. शहराला शेती शिकवण्याची पात्रता आज कोणाजवळ असेल तर ती तुमच्याजवळ आहे.

शिक्षकांना सांगायचे, ते जोतीरावांनी आधीच सांगून ठेवले आहे. गांधीजींच्या नयी तालीमने १९३७ साली वर्ध्याला तेच म्हटले. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतल्या परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत शालेय पोषण आहारासाठी मुलांनी भाजी पिकवलीही आहे. हात धुण्याचे पाणी जिथे वाहते तिथे अळू आणि केळ लावा. दुपारच्या जेवणातली साले खड्ड्यात घाला. आणि एक वही ठेवा. पेरले कधी, उगवले कधी, कीड कधी आली, हे मुलांनी आपल्या अक्षरात लिहावे. त्यांच्यातल्या एखाद्याचे आजोबा शेतकरी असतील, तर महिन्यातून एकदा त्यांना वर्गात बोलवा. खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही मुलांच्या रांगेत बसा.

हे भाषण तुम्ही एकट्याने ऐकले किंवा वाचले असेल, तर १९५६ च्या पाहणीप्रमाणे त्याचा फारसा उपयोग होणार नाही! तेव्हा आज संध्याकाळी ते कोणातरी शेजाऱ्याला सांगा, त्याच्याशी थोडा वाद घाला, आणि दोघे मिळून एक क्रेट भरा. मेथीचे बी घरात असेलच.